एसी घेण्याआधी गच्चीवर जाऊन या

किती टनाचा एसी घ्यावा असं जबलपूरच्या गढा भागात कुणी विचारलं, की मी उलट विचारतो: तुमच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचं घर आहे, की थेट आभाळ? मधल्या मजल्यावरची खोली आणि तेवढ्याच मापाची वरच्या मजल्यावरची खोली यांना एकच यंत्र पुरत नाही. दुकानदार लांबी-रुंदी विचारतो आणि टन सांगून मोकळा होतो. छताचं तो विचारत नाही, कारण छत सुधारून देणं हा त्याचा धंदा नाही.

जबलपूर साधारण २३.२ अंश उत्तरेला आहे आणि कर्कवृत्त शहराच्या थोडं वरून जातं. त्यामुळे जूनच्या मध्यावर दुपारी बारा वाजून गेल्यावर सूर्य अगदी माथ्यावर येतो. मे-जूनमध्ये दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. पडतं ते छतावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. मध्य भारतात मे महिन्यात सपाट छताच्या दर चौरस मीटरवर दिवसाला सहा-सात युनिट विजेइतकी उष्णता उतरते. बारा बाय बारा फुटांच्या खोलीचं छत तेरा-साडेतेरा चौरस मीटरचं, म्हणजे तेवढ्या एका खोलीवर रोज ऐंशीच्या वर युनिट. काळवंडलेला सिमेंटचा स्लॅब त्यातला मोठा वाटा पिऊन घेतो आणि रात्री नऊ-दहाला, आपण अंथरूण घालतो तेव्हा, खाली सोडू लागतो. रात्री पंखा गरम हवा फेकतो ती याच हिशोबाने.

जुन्या गढ्यातली जाड मातीच्या भिंतींची कवेलूची घरं या बाबतीत शहाणी होती. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. तशी घरं आता थोडी उरली आहेत आणि ती परत बांधा असं कुणाला सांगण्यात अर्थ नाही. माकडं, गळती आणि दरवर्षीची फेरणी ज्यांनी सोसली त्यांनाच स्लॅबचं सुख कळतं. पण स्लॅब घातला म्हणून तो उघडाच ठेवायला हवा असं कुठे आहे? ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छतातून उष्णता किती वेगाने आत यावी यावर तिने मर्यादा घातली आहे: आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरला १.२ वॅट. आपला साधा उघडा स्लॅब याच्या अडीच-तीनपट उष्णता आत घेतो.

म्हणून पहिला खर्च छतावर. सगळ्यांत स्वस्त उपाय चुन्याचा: भिजवलेला चुना गाळून, त्यात चिकटवण्यासाठी फेविकॉलसारखं काही घालून दोन-तीन हात मारायचे. नवा पांढरा थर बहुतेक ऊन परत पाठवतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडलेला कळतो. अडचण पावसाची आहे. इथे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दसऱ्यापर्यंत चुना धुऊन जातो आणि उरलेल्यावर शेवाळ चढतं. तेव्हा हे काम दरवर्षी, होळीच्या आगेमागे, कोरड्या हवेत करावं लागतं. उन्हाळी रंग म्हणून जे तयार रंग मिळतात ते महाग पडतात, पण काही वर्षं टिकतात आणि गळतीही रोखतात. मला स्वतःला पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर, ज्याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात, तो सगळ्यांत आवडतो. एकदा पैसे जातात, मग फक्त झाडू आणि पाणी. मात्र उतार नीट काढून घ्या आणि ओल्या गच्चीवर म्हाताऱ्या माणसांना जाऊ देऊ नका, पाय सटकतो.

भाड्याच्या घरात गच्ची रंगवायला घरमालक तयार नसेल, तर बांबू उभे करून छतापासून दोन-तीन फूट उंचावर हिरवी जाळी ताणा. खालून हवा खेळती राहिली पाहिजे. जाळी स्लॅबवर अंथरून काही होत नाही. गच्चीवर सौर पॅनल बसवले तर तीही सावलीच. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत २०२४ पासून एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. बसवणार असाल तर पांढरा थर आधी लावून घ्या, कारण एकदा सांगाडा उभा राहिला की त्याच्याखाली हात पोचत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चिक किंवा वाळ्याचा पडदा लावा. काच ओलांडून ऊन एकदा आत आलं की पडद्याने ते अडवलं तरी उष्णता खोलीतच राहते. नवतपाच्या, म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाच्या, दिवसांत सकाळी आठच्या आत खिडक्या बंद आणि रात्री सगळ्या उघड्या, हा आजीच्या काळचा शिरस्ता अजूनही बिनचूक आहे.

पंख्याबद्दल थोडक्यात. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा तेवढीच हवा ३० वॅटच्या आसपास देतो. दिवसाचे पंधरा तास आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १७० युनिट वाचतात. पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, ते बघून घ्या. घरातल्या सगळ्या विजेच्या खरेद्यांत इतक्या लवकर पैसे वसूल करणारी दुसरी वस्तू नाही.

आता कूलर. हल्ली त्याच्याकडे एसी न परवडणाऱ्याची सोय म्हणून बघतात, आणि हा अन्याय आहे. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४२ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २२ अंश दाखवतो. बऱ्या कूलरची ताटी या दोन आकड्यांमधलं तीन-चतुर्थांश अंतर तोडते, म्हणजे जाळीतून २७ अंशांची हवा बाहेर येते. त्याला वीज लागते दीड-दोनशे वॅट. त्याच वेळी बाहेरचं युनिट ४२ अंशांच्या हवेत उष्णता टाकायला धडपडत असल्याने एसीची सगळ्यांत जास्त दमछाक होत असते. कोरड्या उकाड्यात कूलर एसीच्या बरोबरीने उभा राहतो आणि बाहेर जितकं कोरडं तितकं तो चांगलं काम करतो.

आणि ऑगस्टमध्ये? बाहेर ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. ओला तापमापक २७ दाखवतो. कूलरने जीव तोडून काम केलं तरी दोन अंशांच्या पलीकडे त्याच्या हातात काही नाही, वर चादरी दमट आणि कपाटाला बुरशी. तेव्हा गढ्यात कूलर एप्रिलपासून मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंतचा. पाऊस धरला की पाणी काढून, पुसून त्याला कोरडा करून ठेवा. सुटा पंखा म्हणून वापरायचा असेल तर पंप बंद ठेवून वापरा.

कूलर निवडताना टाकी किती लिटरची यापेक्षा हवा किती फेकतो ते विचारा. बारा बाय बारा, दहा फूट उंच खोलीला मिनिटाला सातशे-साडेसातशे घनफूट हवा लागते. डब्यावर तासाचे घनमीटर लिहिले असतील तर बाराशेच्या पुढचा आकडा बघा. बाजारात बनवून मिळणारा लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर हवा भरपूर फेकतो आणि कुठलाही मिस्त्री तो दुरुस्त करतो. कंपनीचा प्लास्टिकचा हलका असतो, गंजत नाही, शॉकची भीती कमी. गवताची ताटी स्वस्त आणि सुरुवातीला छान गार, पण दरवर्षी बदलावी लागते; हनीकोंबची ताटी दोन-तीन उन्हाळे जाते. बोअरच्या जड पाण्याने दोन्हींवर पांढरा क्षार बसतो, म्हणून आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. ते डासांसाठीही हवंच. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो.

ज्यांचा कूलर ‘चालत नाही’ त्यांच्या घरी जाऊन बघा, दहापैकी आठ वेळा कूलर बंद खोलीत ठेवलेला असतो. तो खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर असा बसला पाहिजे, आणि समोरची एखादी खिडकी किंवा दार उघडं पाहिजे. आत आलेली ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोलीचा ऑगस्ट होतो.

लोखंडी कूलरबाबत एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. पाणी भरताना प्लग काढा, बटण बंद करणं पुरेसं नाही. अर्थिंग तपासून घ्या आणि घराच्या मुख्य बोर्डात वीज गळाली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तेवढ्या खर्चात सगळं घर सुरक्षित होतं. लहान मुलं उघड्या पायांनी ओल्या फरशीवर कूलरला हात लावतात.

पाण्याचा हिशोबही मांडू. एक लिटर पाणी वाफ होताना पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता ओढून घेतं. कूलर रात्रभरात चाळीस-पन्नास लिटर पितो. हा सगळा गारवा खोलीत राहत नाही, बराच खिडकीतून जातो, तरी व्यवहार स्वस्तच आहे. उष्णतेवर पाण्याचा उतारा गढ्याला नवा नाही: गोंड राजा संग्रामशाहाच्या नावाचा संग्राम सागर, देवताल, गंगासागर, जबलपूरचे बावन्न ताल आजही लोक बोटांवर मोजू बघतात, मोजून पुरे होत नाहीत, कारण कितीतरी बुजले. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीत मात्र कूलरची शिफारस करताना माझीही जीभ अडखळते. तिथे छत आणि पंख्यावर जास्त खर्च करावा.

विजेच्या बिलात इथे एक उंबरठा आहे, आणि तो यंत्र निवडताना विसरू नये. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत, म्हणजे रोजचा पाच युनिटांच्या आत असेल, तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात. दीडशेच्या पुढे गेलं की ती सवलत जाते आणि टप्प्याचे दर लागतात. तीनशेच्या वरचा टप्पा सगळ्यांत महाग. फ्रिज, तीन कमी वॅटचे पंखे, दिवे आणि रात्रीचा कूलर एवढं घर नीट चालवलं तर पाच युनिटांत बसू शकतं. एसी रात्रीचे आठ तास चालला की तोच एकटा पाच-सहा युनिट घेतो. म्हणजे एसीची खरी किंमत त्याने खाल्लेल्या युनिटांपेक्षा जास्त असते. गेलेली सवलतही त्यात धरा.

हे सगळं करूनही जुलै ते सप्टेंबरचा उकाडा उरतोच. अंगाला घाम चिकटलेला, पंख्याने वाळत नाही, रात्री दोनला जाग. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर एक एसी घ्यायला हरकत नाही. मीही नको म्हणणार नाही. एकच घ्या, आणि ज्या खोलीत सगळे झोपू शकतील तिथे लावा.

लेबल वाचताना तीन गोष्टी बघा. पहिली, वर्ष. ताऱ्यांचं कोष्टक ब्यूरो अधूनमधून कडक करतो, त्यामुळे मागच्या कोष्टकातले पाच तारे पुढच्यात चार होतात. दुकानात पडून राहिलेला माल असाच खपवला जातो. दुसरी, आयएसईईआर हा आकडा. वर्षभरात खोलीतून जितकी उष्णता काढली तिला खर्चलेल्या विजेने भागलं की तो येतो. तिसरी, वर्षाची युनिटं, आणि ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. तुमचे तास किती ते आधी मोजा.

समजा तीन ताऱ्यांच्या एका दीड टनी एसीवर १००० युनिट लिहिलेत आणि पाच ताऱ्यांच्या दुसऱ्यावर ७६०. कूलर असलेल्या घरात एसी पावसाळ्यातल्या शंभर रात्री सहा तास, म्हणजे ६०० तास चालेल. मग वर्षाचा फरक २४० चा नाही, ९० युनिटांचा. सात रुपये धरले तर सव्वासहाशे रुपये. पाच तारेवाला आठ हजारांनी महाग असेल तर वसुलीला जवळपास तेरा वर्षं लागतील, तोवर दोन्ही भंगारात. अशा घराने तीन ताऱ्यांचा इन्व्हर्टर एसी घ्यावा आणि उरलेले पैसे गच्चीवर लावावेत. याउलट मेडिकल कॉलेजमध्ये रात्रपाळी करून भर दुपारी झोपणारे असतील, एप्रिलपासून रोज दहा तास एसी चालणार असेल, तर तास अठराशेच्या घरात जातात, फरक वर्षाला १९०० रुपयांचा होतो आणि पाच तारे चार-साडेचार वर्षांत वसूल होतात. तेव्हा सगळ्यांना पाच तारेच घ्या म्हणणारा सल्ला आळशी आहे.

टन वाढवून घेण्याचा मोह टाळा. गरजेपेक्षा मोठा एसी खोली चटकन गार करून हात आखडता घेतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात आपल्याला खरं तर तेच काढून हवं असतं. दीडशे चौरस फुटांच्या आतल्या खोलीला, वरचं छत पांढरं असेल तर, एक टन बहुतेक पुरतो. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, त्यामुळे ४४ अंशांत तो लेबलाइतका गारवा देणार नाही हे गृहीत धरा, पण त्या दिवसांत तुमच्याकडे कूलर आहे. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी मात्र चालवू नका. एक पाणी घालतो, दुसरा तेच पैसे मोजून काढतो.

बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात, जाळीच्या पिंजऱ्यात किंवा अरुंद बोळात कोंडू नका. त्याला श्वास घेता आला नाही तर पाच ताऱ्यांचे तीन व्हायला वेळ लागत नाही. जानेवारी २०२० पासून एसी सुरू होतानाच २४ अंशांवर लागतो. तो २६ वर ठेवा आणि पंखा हळू लावा. ब्यूरोच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. रात्री नुसता दमटपणा नकोसा असेल तर ‘ड्राय’ मोड पुरतो.

राहिला हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत गढ्यात रात्रीचा पारा आठ-दहावर येतो, एखाद्या लाटेत पाचच्या खाली जातो, पण दिवस सोनेरी असतात. दक्षिणेच्या खिडकीचं महत्त्व आता. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४३ अंशांवर असतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत शिरतं; जूनमध्ये त्याच खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पूर्ण सावली देतो. घर बांधत असाल तर मोठी खिडकी दक्षिणेला काढा, पश्चिमेला नको. दुपारी ऊन आत घ्या आणि चारला खिडकी लावून टाका.

हीटरच्या दुकानात ‘तेलाचा हीटर वीज वाचवतो’ असं ऐकायला मिळतं. हे खरं नाही. रॉडचा, क्वार्ट्झचा, तेलाचा, कुठलाही हीटर एका युनिटाची एक युनिट उष्णता देतो, जास्त देऊच शकत नाही. तेलाच्या हीटरची तापलेली तार उघडी नसते, खोली जास्त कोरडी वाटत नाही, मुलाबाळांच्या घरात तो बरा; पण बिल तेच. जास्त उष्णता फक्त हॉट-अँड-कोल्ड एसी देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. आपल्याकडच्या थंडीत एका युनिटात तीनच्या आसपास. दोन हजार वॅटचा रॉड रोज चार तास, साठ रात्री, म्हणजे ४८० युनिट. तेच काम असा एसी १६० मध्ये करील. एसी घेणारच असाल आणि घरात सांधे धरलेली माणसं असतील, तर काही हजार जास्त देऊन हा प्रकार घ्या आणि गरम करताना पट्ट्या खाली वळवा, नाहीतर गरम हवा छतापाशीच राहते. बाकीच्यांनी शंभर वॅटची विजेची चादर बघावी. साठ रात्री आठ तास वापरली तरी ४८ युनिट, आणि ती ज्याला थंडी वाजते त्यालाच ऊब देते. तिला घडी घालून, चुरगाळून लावू नका, आतली तार तुटते.

कोळशाची सिगडी अंगणात कितीही छान वाटली तरी झोपण्याच्या खोलीत आणायची नाही, दार किलकिलं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. तीच गोष्ट गॅस गीझरची: यंत्र बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत.